सोफ्यावरून विमान उडवायचं तर हातात काय घ्यावं?

फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान उडवायचा खेळ, खेळताना टेबलावर ठेवलेली जॉयस्टिक आणि मांडीवर घेतलेली तीच जॉयस्टिक, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टेबलावर तिचं बूड जागचं हलत नाही, त्यामुळे दांडा जेवढा कलवाल तेवढंच विमान कलतं. मांडीवर दांडा डावीकडे नेला की बुडाची उजवी कड वर येते. मग आपण नकळत दुसऱ्या हाताने ती दाबून धरतो आणि नेमका तोच हात थ्रॉटलवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या खटक्यावर) हवा असतो.

मला हे कळलं ते सेसना १७२ हे छोटं विमान उतरवताना. वेग ६५ नॉट, फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) पूर्ण खाली, धावपट्टी नाकासमोर, सगळं कधी नव्हे ते जुळून आलेलं. शेवटच्या क्षणी नाक उचलायला दांडा मागे ओढला, तर दांडा होता तिथेच राहिला आणि अख्खी जॉयस्टिक उशीवरून घसरत पोटाशी आली. विमान नाकावर आपटलं. उपकरणात काही खोट नव्हती. टेबलासाठी घडवलेली वस्तू मी गादीवर बसवली होती, एवढंच.

म्हणून इथे कोणतं उपकरण किती खरं वाटतं, याला मी दुसरं स्थान दिलंय. आधी पाहिलंय ते बूड कशावर टेकतं, थ्रॉटल, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा) आणि ट्रिम (हात सोडला तरी नाक जागी ठेवणारं) एकाच वेळी हाताखाली राहतात का, आणि खेळून झाल्यावर पसारा किती उरतो. घाईत असाल तर कौल आधीच सांगतो. छोटी किंवा प्रवासी विमानं निवांत उडवणाऱ्या बहुतेकांना नीट लावलेला गेमपॅड पुरतो. त्याने समाधान होत नसेल तर पिळता येणाऱ्या दांड्याची एकच जॉयस्टिक घ्या. लढाऊ विमानांचं वेड असेल तरच होटास, म्हणजे जॉयस्टिक आणि थ्रॉटल असा दोन तुकड्यांचा संच. योक (गाडीच्या स्टिअरिंगसारखं, पुढे-मागे सरकणारं चाक) सोफ्यावर घेऊ नका.

गेमपॅड

या यादीत बूडच नसलेलं उपकरण हे एकटंच. दोन्ही हात त्याला धरतात आणि दोन्ही हात त्यानेच विमान चालवतात. पाय वर घ्या, कुशीवर वळा, विमानाला फरक पडत नाही. तरीही सिम्युलेटरवाल्यांत गेमपॅड बदनाम आहे. त्याचं कारण बहुतेक वेळा मूळ सेटिंग जसंच्या तसं ठेवणं हे असतं.

अडचण चालीची आहे. जॉयस्टिकचा दांडा हातभर उंच नसला तरी त्याचं टोक ऐसपैस फिरतं. अंगठ्याखालची स्टिक मात्र सेंटिमीटरभर सरकली की संपली. उतरताना नाक दोन अंश उचलायचं असतं, तेव्हा अंगठ्याला केसभर हलावं लागतं, आणि अंगठा केसभर हलत नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कंट्रोल्सच्या पानावरून सेन्सिटिव्हिटी उघडा. प्रत्येक अक्षाचा आलेख दिसेल. डाव्या स्टिकचे एलेरॉन (विमान कलवणारे) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा), दोन्ही उणे ४० ते उणे ५० पर्यंत खाली आणा. मधली रेघ आडवी होते आणि टोकाला एकदम चढते. म्हणजे मधल्या भागात अंगठा बराच हलला तरी विमान थोडंच हलतं. डेड झोन (स्टिक हलली तरी विमान हलत नाही तो मधला भाग) स्टिक सुटी सोडल्यावर जेवढी थरथरते तेवढाच ठेवा, उगाच वाढवू नका. रिॲक्टिव्हिटी कमी केली की विमान सावकाश उत्तर देतं. मोठ्या जेटला ते शोभतं, पण छोट्या विमानात उतरताना तेच दगा देतं. मी तिला हात लावत नाही.

दुसरी गोष्ट ट्रिम. सरळ उडतानाही अंगठ्याने स्टिक पुढे दाबून धरावी लागत असेल, तर विमान ट्रिम झालेलं नाही. इंजिनाची ताकद बदलली की आधी स्टिकने नाक हवं तिथे धरा, मग अंगठा सैल सोडला तरी नाक हलत नाही इथपर्यंत ट्रिमचं बटण टिचक्या मारत दाबा. जॉयस्टिकवर ट्रिमकडे दुर्लक्ष केलं तर हात दुखतो. गेमपॅडवर केलं तर विमानच हाताबाहेर जातं.

रडर ट्रिगरवर असतो आणि तो खरोखर चांगला जमतो. ट्रिगर हळूहळू दाबता येतात, त्यामुळे धावपट्टीवरची मधली रेघ धरून ठेवणं सोपं जातं. खरी कुचंबणा थ्रॉटलची. मूळ मांडणीत ए दाबलं की ताकद वाढते, बी दाबलं की कमी होते, आणि कॅमेरा उजव्या स्टिकवर. म्हणजे थ्रॉटल हलवताना उजवा अंगठा कॅमेरा सोडून खाली येणार. वळणावर धावपट्टीकडे मान वळवून पाहायचं आणि ताकदही कमी करायची, ही दोन्ही कामं नेमकी एकाच वेळी येतात. पाठीमागे पाती असलेला कंट्रोलर असेल, उदाहरणार्थ एक्सबॉक्स एलीट सिरीज २, तर ए आणि बी त्या पात्यांवर घ्या. अंगठा स्टिकवरून हलतच नाही. एलीटमध्ये स्टिकचा ताणही कमी-जास्त करता येतो. साध्या कंट्रोलरवर स्टिकची उंची वाढवणाऱ्या टोप्या बसवल्या तरी चाल थोडी लांबते. दिसायला विचित्र, पण उपयोगी.

फक्त विमानांसाठीच घडवलेला गेमपॅडही निघाला आहे, यॉमन ॲरो नावाचा. त्यात ट्रिमचं चाक आहे आणि पॅडच्या वरच्या कडेचे दोन रडर आतून एकमेकांना जोडलेले आहेत. पीसीवर खेळणाऱ्याला सोफ्यासाठी ही कल्पना मनापासून आवडावी अशीच आहे. पण तो इतर खेळांना फारसा चालणार नाही, हे ध्यानात ठेवा.

गेमपॅडने न जमणाऱ्या दोन गोष्टी आहेत. थ्रॉटल नेमका कुठे आहे ते हाताला कळत नाही, पडद्यावर बघावं लागतं. आणि हेलिकॉप्टर! कलेक्टिव्हला (हेलिकॉप्टर वर-खाली नेणाऱ्या नियंत्रणाला) स्वतःचा दांडा नसेल तर हेलिकॉप्टर हवेत स्थिर ठेवणं ही शिक्षा आहे.

एकच जॉयस्टिक

बाजूला दांडा आणि रेलून बसणं, ही सोफ्यासाठी केलेली तडजोड वाटते. विमानं बनवणाऱ्यांनी ती केव्हाच स्वीकारली आहे. १९८८ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० ने वैमानिकासमोरचा योक काढून टाकला आणि बाजूला छोटी साइडस्टिक दिली. कॅप्टनचा डावा हात तिच्यावर आणि उजवा थ्रॉटलवर. एफ-१६ मध्ये तर वैमानिक ३० अंश मागे रेलून बसतो. त्याचा दांडा उजव्या हाताशी. सुरुवातीला तो हलतच नसे, फक्त हाताचा दाब ओळखायचा. वैमानिकांना ते रुचलं नाही, म्हणून पुढे त्याला किंचित हलायची मुभा दिली. तेव्हा सोफ्याच्या हातावर जॉयस्टिक ठेवून मागे रेलणाऱ्याने अपराधी वाटून घेऊ नये.

सोफ्याचा हात रुंद, सपाट आणि कडक असेल तर तीच सगळ्यात चांगली जागा. कोपर टेकतं, खांदा उचलला जात नाही, मांडी मोकळी राहते. गादीदार, गोलाकार हात असेल तर तिथे जॉयस्टिक टिकणार नाही. बुडाच्या रबरी वाट्या कापडावर चिकटत नाहीत, त्यांच्यावर विसंबू नका.

मग मांडीवरची फळी. ती दोन्ही मांड्यांच्या बाहेर चार-चार बोटं यायला हवी, नाहीतर तिरपी होते. खाली खणात अंथरतात तशी रबरी जाळी लावा, वर जॉयस्टिक व्हेल्क्रोच्या रुंद पट्ट्यांनी बसवा. काही जॉयस्टिकच्या बुडाला स्क्रूची भोकं असतात. तशी असतील तर स्क्रूच मारा, व्हेल्क्रो कालांतराने ढिलं पडतं. फळी थोडी जड असलेलीच बरी. दांडा ओढल्यावर फळी उचलली जात असेल तर ती हलकी आहे असं समजा.

बिनखर्चाचा तिसरा मार्ग म्हणजे बूड दोन मांड्यांमध्ये धरणं. ग्लायडर आणि बऱ्याच लढाऊ विमानांत दांडा मधोमधच असतो, त्यामुळे ते खरंही वाटतं. पण सोफा खोल असतो. बूड कडेला टेकवायला पुढे सरकून बसावं लागतं आणि पाठीचा आधार जातो. वीस मिनिटांनी कंबर बोलायला लागते.

निवडताना आधी पिळ बघा. दांडा स्वतःभोवती फिरून रडर चालवत असेल तर पायाने रडर चालवायच्या पेडलची गरज उरत नाही. मग बुडावरचा थ्रॉटलचा खटका. तो कुठे आहे ते बोटाला कळतं, आणि गेमपॅडवरून इकडे येण्याचं निम्मं सुख त्यातच आहे. नंतर हात. पुष्कळ जॉयस्टिक उजव्या मुठीच्या आकाराच्या असतात. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम आणि तिची एअरबस साइडस्टिक दोन्ही हातांना चालतात, म्हणजे सोफ्याच्या डाव्या टोकाला बसून कॅप्टनसारखं उडवता येतं. एक्सबॉक्सवर खेळत असाल तर डब्यावर एक्सबॉक्सचं नाव आहे ना ते वाचा. पीसीची कुठलीही जॉयस्टिक तिथे चालत नाही. टी.१६०००एम सुद्धा पीसीचीच.

पिळाचा एक त्रास आहे. विमान कलवताना मनगट जरासं पिळलं जातं आणि रडर आपोआप लागतो. रडरच्या अक्षाला इतरांपेक्षा मोठा डेड झोन द्या, त्रास बहुतेक संपतो.

होटास

दोन हातांना दोन तुकडे, बटणांची रेलचेल. डीसीएस वर्ल्डसारख्या लढाऊ सिम्युलेटरमध्ये रडार, शस्त्रं, फ्लेअर (क्षेपणास्त्रांना चकवायला सोडतात ते) सगळं बोटांखाली लागतं, तिथे गेमपॅड अपुरा पडतो हे मान्य. सोफ्यावर मात्र तुकडे दोन म्हणजे बुडंही दोन. टी.फ्लाइट होटास वनसारख्या संचात थ्रॉटल जॉयस्टिकला जोडता किंवा सुटा करता येतो. टेबलावर लोक सुटा करतात, सोफ्यावर जोडलेलाच ठेवा. एकच रुंद, जड बूड मिळतं आणि एका फळीवर बसतं. हात जवळ येतात, खांदे थोडे आत वळतात, पण तासभर चालून जातं.

वॉरथॉगसारखे धातूचे संच सहा किलोहून जड. ते मांडीवर घ्यायची कल्पनाच सोडा. खुर्चीला दोन्ही बाजूंनी कसायचे आधार बाजारात मिळतात, पण ते चाकांच्या खुर्चीच्या सांगाड्यासाठी असतात, सोफ्याला ते कसायला जागाच नसते. जमिनीवर उभे राहणारे स्टँड चालतात, पण मग दिवाणखान्यात कायमचं कॉकपिट उभं राहील. घरच्यांना आधी विचारा.

योक आणि पेडल

योक मला आवडतो, म्हणूनच ठामपणे सांगतो. त्याला पुढे-मागे सरकायला जागा लागते आणि मागे ओढला की तो पोटात येतो. हनीकोंब अल्फासारखा योक १८० अंश फिरतो, तेव्हा कोपरं सोफ्याच्या हातांवर आदळतात. त्याचा शिकंजा टेबलाची कड मागतो. ज्याचा पाया सोफ्याखाली सरकतो असं इंग्रजी सी अक्षरासारखं टेबल वापरता येतं, पण हलकं असेल तर योक ओढताच टेबलही अंगावर येतं, आणि जड, भक्कम टेबल आणलं तर मग टेबल-खुर्चीच का नको? पेडलचंही तेच. सोफा बुटका असतो, पाय खाली दाबण्याऐवजी पुढे ढकलतात आणि पेडल टीव्हीच्या दिशेने प्रवासाला निघतात. पेडलना दोरी बांधून ती सोफ्याच्या पायाला अडकवली की ते थांबतात. पिळ किंवा ट्रिगर असताना एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न उरतोच.

टीव्ही लांब असतो

काहीही घेतलं तरी हे लागतंच. अडीच-तीन मीटरवरून कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यांवरचे आकडे वाचता येत नाहीत. पीसीवर उपकरणांजवळ नेलेला कॅमेरा कंट्रोल, ऑल्ट आणि एखादा आकडा एकत्र दाबून साठवता येतो, पुढे ऑल्ट आणि तोच आकडा दाबला की तो परत येतो. हेच एखाद्या बटणाला जोडून टाका. टीव्हीचा गेम मोड चालू करा. तो बंद असताना हालचाल उशिरा दिसते, आपण गरजेपेक्षा जास्त दांडा हलवतो आणि दोष उपकरणाला देतो. टचपॅडवाला छोटा वायरलेस कीबोर्ड शेजारी असू द्या, कारण कॉकपिटमधले सगळे खटके कुठल्याच गेमपॅडवर मावत नाहीत. एक्सबॉक्सवरही हा खेळ माउस-कीबोर्ड ओळखतो. जॉयस्टिकची वायर लांबवायची असेल तर यूएसबी २.० ची साधी केबल पाच मीटरपुढे भरवशाची नाही, त्यापुढे सिग्नलला बळ देणारी (ॲक्टिव्ह) केबल घ्या. आणि ती जाण्या-येण्याच्या वाटेवरून नेऊ नका.

माझ्याकडे आता रोजच्यासाठी गेमपॅड आहे आणि सुट्टीच्या दिवशी फळीवरची जॉयस्टिक. दोन्ही एकदम जोडलेली ठेवायची सवय मात्र मोडावी लागली. थ्रॉटल दोन उपकरणांना दिलेला असला की ती आपसात भांडतात. उड्डाण करताना इंजिनाची ताकद अचानक शून्यावर गेली तर इंधन तपासण्याआधी जॉयस्टिक कुठे उशीखाली दबून तिचा खटका मागे गेलाय का, ते बघा.