खंड्याच्या आतड्यातून निघालेला ‘अतूट’ बॉल

कुत्र्यांच्या ज्या ‘अतूट’ बॉलने मला फसवलं त्याची तीच जाहिरात, त्याच फोटोंसकट, पण दुसऱ्याच नावाने परवा पुन्हा माझ्या मोबाइलवर आली. म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही साताऱ्यात राहतो. खंड्या हा आमचा कुत्रा चार वर्षांपासून आमच्याकडे आहे. लॅब्रॅडॉरचा अंश असलेला, २७ किलोचा. ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाच्या बाजूला उतारावर बॉल टाकायचा आणि त्याने धावत जाऊन तो आणायचा, हा त्याचा जीव की प्राण. जुलैत पाऊस लागला की ती वाट निसरडी होते आणि हा घरात कोंडला जातो. मग चपला, पायपुसणी, एकदा तर लेकीच्या दप्तराचा पट्टा. गल्लीतली पोरं क्रिकेटचे जुने टेनिस बॉल आणून द्यायची, पण ते दोन दिवसांत उकलायचे. म्हणून मी जरा दणकट बॉल शोधत होते.

जाहिरातीत एक मोठा कुत्रा बॉल चावतोय, मग त्यावरून गाडीचं चाक जातं आणि बॉल पुन्हा जसाच्या तसा गोल. ‘शंभर टक्के नैसर्गिक रबर. अतूट. आयुष्यभराची हमी, तुकडा पडला तर नवा बॉल मोफत.’ १,२९९ रुपयांवर काट मारून ४४९, आणि आधी पैसे भरले तर आणखी ५० कमी. मी आधी भरले. खाली कौतुकाचे अभिप्राय होते. नंतर नीट पाहिलं तर माणसांची नावं वेगवेगळी, वाक्यं मात्र तीच.

नऊ दिवसांनी पार्सल आलं. निळं-केशरी खोकं, त्यावर ‘मोठा आकार, २० ते ३५ किलो’ असं चिकटवलेलं आणि शेजारी आयएसआयचं चिन्ह. उघडताच रॉकेलसारखा उग्र वास. मी बॉल साबणाने धुतला आणि वास जावा म्हणून दोन दिवस गॅलरीत ठेवला. खोक्यावर कुणाचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, तक्रारीसाठी नंबर नाही, हे तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे असूनही मी वाचलं नाही.

या आधी मी खंड्याला बॉलबरोबर एकटं कधीच सोडलं नव्हतं. टेनिस बॉल दिला की मी समोर बसायची आणि खेळ संपला की काढून घ्यायची. ‘अतूट’ लिहिलंय म्हणून हा बॉल त्याच्यापाशी ठेवून मी शाळेत शिकवायला जाऊ लागले. ३९९ रुपये गेले त्याचं मला फारसं वाटत नाही. त्या एका शब्दावर विसंबून मी त्याच्यावरची नजर काढली, ते विसरता येत नाही.

अकराव्या दिवशी दुपारी घरी आले तर दोन ठिकाणी उलटी. संध्याकाळी भाकरी-दुधाकडे त्याने पाहिलंही नाही. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग उंच धरून उभा राहायचा, पोटाला हात लावला की कण्हायचा. बॉल पाहिला तर त्याचा मोठा लचका गायब. सोफ्याखाली, कॉटखाली, सगळीकडे हात घालून शोधला. तुकडा कुठेच नव्हता.

एक्स-रेमध्ये बॉलचा तुकडा दिसला नाही, फक्त आतडी हवेने फुगलेली दिसली. डॉक्टर म्हणाले, रबर एक्स-रेत उठून दिसेलच असं नाही. सोनोग्राफीत लहान आतड्यात काहीतरी अडकलेलं दिसलं आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. आतडं उघडून चार सेंटिमीटरचा तुकडा काढला. पहिले तीन ते पाच दिवस आतड्याचे टाके सुटण्याची भीती असते म्हणाले. ते दिवस आम्ही तिघंही पाळीपाळीने त्याच्याशेजारी जमिनीवर झोपलो. सगळा खर्च ३१,००० च्या आसपास गेला.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी उरलेला बॉल हातात घेऊन मला समजावलं. त्यांनी तो दुमडला, तर घडीवर बारीक भेगा पडल्या. “ताई, चांगलं रबर दबतं आणि परत येतं. यात रबराऐवजी नुसती भर घातलीय.” मग फुटपट्टी लावली : साडेपाच सेंटिमीटर. साधा टेनिस बॉलसुद्धा साडेसहाच्या वर असतो. “हा तुटला नसता तरी धोका होताच. दाढांच्या मागे सरकेल असा बॉल घशात जाऊन श्वास बंद करतो. एवढ्या कुत्र्याला टेनिस बॉलही लहानच. हवेत उडवून झेलायला तर देऊच नका, झेलताना डोकं वर असतं आणि बॉल थेट आत जातो. जमिनीवरून लांब घरंगळत सोडा.”

बॉल आतून पोकळ होता आणि त्याला एकच भोक होतं. त्यावर ते जास्त वेळ बोलले. कुत्रा आतला खाऊ काढायला जीभ घालतो, आत निर्वात पोकळी तयार होते, जीभ ओढली जाऊन अडकते आणि सुजते. रक्त पोचलं नाही तर जिभेवरच संकट. म्हणून पोकळ खेळण्याला आरपार दोन भोकं हवीत. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं, आणि मी विचारलेल्या कुत्रेवाल्या सहा-सात घरांतही कुणाला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, मग एकदम टणक नायलॉनचंच काहीतरी घेते. त्यांनी मान हलवली. अंगठ्याचं नख रुतत नसेल तर वरची मोठी दाढ चिरते, म्हणाले. टेनिस बॉलची लव तर सतत चघळली की दात घासून काढते. म्हणजे नखाने किंचित दबेल पण लचका निघणार नाही, एवढ्या मधल्या जागेतलं खेळणं शोधायचं आणि पहिली चीर दिसली की टाकून द्यायचं.

विक्रेत्याला मी तुकड्याचा, टाक्यांचा, बिलाचा फोटो पाठवला. पहिलं उत्तर : “मॅडम, तुमचा कुत्रा जास्त चावतो.” मग पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागितला. तो नाही म्हटल्यावर दोन दिवस शांतता. नंतर अचानक फोन आला, आवाज फार गोड. पूर्ण पैसे परत देतो, पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. माझा हात तिथेच थांबला, कारण आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचे असेच चार हजार गेले होते. मी नकार दिला आणि तासाभरात त्यांनी मला ब्लॉक केलं.

आयएसआयच्या चिन्हाचं नंतर कळलं. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकून पाहता येतो. आमच्या खोक्यावर नुसतं चिन्ह होतं, क्रमांक एकही नाही. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना हे चिन्ह सक्तीचं झालं ते १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. कुत्र्याची खेळणी त्यात येत नाहीत. त्यामुळे ते चिन्ह पाहून मला जो धीर आला, त्याला काहीच आधार नव्हता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विक्रेत्याचा पत्ताच नसल्यामुळे ती पुढे सरकलेली नाही. जिल्हा ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातून तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, पण समोर कोण हे लिहावंच लागतं. म्हणून यापुढे मी नाव-पत्ता नसलेलं खोकं घरात घेणार नाही, आणि घेतलेलं खोकं फेकणार नाही. तो तुकडा डॉक्टरांनी मला बरणीत घालून दिलाय. तो, खोकं आणि पैसे भरल्याची नोंद मी कपाटात एकत्र ठेवली आहे.

निळ्या-केशरी खोक्यातला, एका भोकाचा, उग्र वासाचा बॉल तुमच्या घरात असेल तर आजच काढून घ्या. कडेचा तुकडा कमी दिसला आणि जमिनीवर सापडला नाही, तर उलटीची वाट पाहू नका, कुत्र्याला लगेच डॉक्टरांकडे घेऊन जा.