जर्मेनियमच्या नावाखाली सिलिकॉन: फझ पेडल घेताना माझी झालेली फसवणूक

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं, हाताने जोडलेलं म्हणून विकलं जाणारं एखादं महागडं फझ पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारा, पायाने दाबायचा डबा) तुम्ही घ्यायच्या विचारात असाल आणि त्याच्या आतल्या फोटोत काळ्या इपॉक्सीचा (घट्ट होणाऱ्या राळेचा) थर दिसत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. मला विकलेल्या पेडलमध्ये जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते, पण ते कशालाच जोडलेले नव्हते; आवाज दुसऱ्याच, साध्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमधून येत होता.

जाहिरातीत म्हटलं होतं की हे १९६६ सालच्या आर्बिटर कंपनीच्या फझ फेस या पेडलचं हुबेहूब सर्किट आहे, ट्रान्झिस्टर जुन्या साठ्यातले पीएनपी (उलट्या ध्रुवतेवर चालणारे) जर्मेनियम एसी १२८ आहेत आणि प्रत्येक जोडी कानाने ऐकून निवडलेली आहे. आता फझ फेसचं मूळ सर्किट किती साधं आहे बघा. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर), झालं. सोल्डरिंग येणारा माणूस ते एका बैठकीत जोडू शकतो. मग बुटीक, म्हणजे हाताने मोजकीच पेडल बनवणाऱ्या पेडलवाल्याला आपण एवढे पैसे कशाचे देतो? निवडीचे. एकाच नंबरच्या दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकाचा गेन (करंट किती पट वाढतो तो आकडा) पन्नास, दुसऱ्याचा दीडशे, तिसरा इतका गळका (नको तिथे करंट सोडणारा) की कामाचाच नाही. ढिगातून मोजून मोजून चांगली जोडी काढणं हे खरं कष्टाचं काम आहे आणि त्याचे पैसे द्यायला माझी आजही ना नाही. म्हणूनच नेमकी तीच गोष्ट खोटी निघाली याचा संताप जास्त आहे.

बाहेरून पेडल अप्रतिम होतं. डायकास्ट ॲल्युमिनियमचा जाड डबा, पावडर कोटिंग एकसारखं, जॅक घट्ट, नॉब फिरवताना कुठे खरखर नाही. आत कापडी आवरणाच्या वायर, टॅग बोर्डवर (सुटे भाग सोल्डर करायच्या पट्टीवर) जुन्या धाटणीचे कार्बन रेझिस्टर, चकचकीत धातूच्या डबीतले दोन ट्रान्झिस्टर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने केलेली सही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, तसला हा प्रकार होता. टॅग बोर्डखाली सगळा काळा इपॉक्सी ओतलेला. विचारल्यावर उत्तर आलं, "स्टेजवरच्या हादऱ्यांनी जोड सुटू नयेत म्हणून तसं करतो."

इपॉक्सी दिसली म्हणजे लगेच चोर, असं मी म्हणणार नाही. क्लॉन सेंटॉर या प्रसिद्ध ओव्हरड्राइव्ह पेडलचं सर्किटही इपॉक्सीखाली असायचं, कारण करणाऱ्याला ते कुणी उचलू नये असं वाटत होतं. पण फझ फेसचं सर्किट जगजाहीर आहे. त्यात लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही. तरीही कुणी ते लपवत असेल, तर नेमकं काय लपवतोय हे विचारायलाच हवं.

पहिली शंका आली ती वीजपुरवठ्यावरून. पीएनपी जर्मेनियम फझ फेसमध्ये ग्राउंडला पॉझिटिव्ह टोक जोडलेलं असतं, बाकीच्या बहुतेक पेडलमध्ये निगेटिव्ह. त्यामुळे असं फझ इतर पेडलांबरोबर एकाच ॲडॅप्टरच्या साखळीवर लावता येत नाही, लावलं तर शॉर्ट होतं. माझं मात्र साखळीवर निमूटपणे चाललं. व्होल्टेज उलटवणारी चिप आत बसवून हे जमवता येतं, आणि प्रामाणिक मेकर तसं आपणहून सांगतो. याने सांगितलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, "आमची खास पद्धत आहे."

दुसरी गोष्ट उष्णतेची. जर्मेनियममधून नेहमीच थोडा करंट गळतो आणि तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की ही गळती जवळपास दुप्पट होते. म्हणून खरं जर्मेनियम फझ तापलेल्या स्टेजवर वेगळं वाजतं, कधी घुसमटतं, कधी नोट मध्येच तुटते. माझं पेडल गारव्यात आणि उकाड्यात सारखंच वाजायचं. मी हे ऐकवल्यावर त्याने त्याचंच श्रेय घेतलं, म्हणे "निवडच तशी आहे!" आवाजावरून मात्र मी काहीच ठरवलं नाही आणि तुम्हीही ठरवू नका. चांगलं बायस केलेलं (ट्रान्झिस्टरचं व्होल्टेज नीट बसवलेलं) सिलिकॉन फझ सुंदर वाजतं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने दोन्ही प्रकारचे फझ फेस वाजवलेत. कान फसतो, विशेषतः पैसे मोजून झाल्यावर.

शेवटी मल्टिमीटर घेतला. बॅटरी लावून, गिटारचा जॅक आत घालून, काळा प्रोब ग्राउंडवर ठेवला. ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर आणि कलेक्टर असे तीन पाय असतात. फझ फेसमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे साडेचार व्होल्टच्या जवळपास आकडा यायला हवा. पीएनपी असेल तर उणे चिन्हासह. लाल प्रोब एकेका पायावर टेकवत गेलो. पहिल्या डबीच्या तिन्ही पायांवर काही नाही. दुसऱ्या डबीच्याही नाही. मीटर शून्याच्या आसपासच भटकत राहिला. आणि ॲम्पमधून फझ मात्र व्यवस्थित येत होतं!

मग वायरींचा माग काढला. व्हॉल्यूम आणि फझ दोन्ही पॉटच्या वायरी टॅग बोर्डकडे जायला हव्या होत्या. त्या बोर्डच्या कडेने सरळ काळ्या थराखाली शिरत होत्या. टॅग बोर्डवरचे रेझिस्टर, मोठे कपॅसिटर, दोन्ही ट्रान्झिस्टर हे सगळं एकमेकांना जोडलेलं होतं आणि सर्किटशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

इपॉक्सी गरम हवेने मऊ करून लाकडी काडीने हळूहळू खरवडली (हे कुणी करणार असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, धूर वाईट असतो). खाली नखाएवढा छापील बोर्ड निघाला. त्यावर मशीनने बसवलेले दोन बारीक ट्रान्झिस्टर, भिंगाखाली अक्षरं दिसली, '१एएम'. हा कोड एमएमबीटी ३९०४ या अगदी साध्या एनपीएन (पीएनपीच्या उलट) सिलिकॉन ट्रान्झिस्टरवर असतो. बॅटरी लावून बेस आणि एमिटरमधलं व्होल्टेज मोजलं, तर शून्य दशांश सहा व्होल्टच्या थोडं वर. चालू सर्किटमध्ये जर्मेनियमला त्याच्या निम्मंही लागत नाही. वरच्या शोभेच्या डब्या सुट्या करून मल्टिमीटरच्या डायोड टेस्टवर लावल्या. एक खरी जर्मेनियम होती, शून्य दशांश दोनच्या आसपास. दुसरी आतून शॉर्ट. म्हणजे फेकून द्यायचे ट्रान्झिस्टर फोटोसाठी बसवले होते.

फोटो आणि आकडे पाठवल्यावर विक्रेत्याचा सूर बदलला. आधी म्हणाला, "तुम्ही पेडल उघडलंत, वॉरंटी संपली." मग म्हणाला की इपॉक्सी काढताना मूळ भाग खराब झाले असतील. त्यानंतर उत्तरच नाही. सौदा ठरवताना त्याने कमिशन वाचेल म्हणून विक्रीच्या साइटबाहेर थेट पैसे मागितले होते. त्यामुळे साइटकडे तक्रार केली तेव्हा "हा व्यवहार आमच्याकडे नोंदलेला नाही" एवढंच उत्तर मिळालं. पैसे परत आलेले नाहीत. जाहिरातीचे स्क्रीनशॉट मी आधीच काढून ठेवले होते म्हणून निदान लेखी तक्रार तरी देता आली. ती जाहिरात दोनच दिवसांत उडवली गेली.

आता विकत घ्यायच्या आधी मी काय मागतो ते सांगतो. दोन्ही ट्रान्झिस्टरचा गेन आणि गळती, दोन्ही आकडे. नुसता गेन सांगून भागत नाही, कारण साध्या मल्टिमीटरचं एचएफई (गेन मोजायचं) सॉकेट गळतीचा करंटही गेनमध्येच धरतं आणि गळका ट्रान्झिस्टर तिथे जोरदार दिसतो. फझ फेससाठी पहिल्या जागी सत्तर-ऐंशी आणि दुसऱ्या जागी एकशे दहा ते एकशे तीसच्या आसपासचा खरा गेन साधारणपणे चांगला मानतात. गळती दोन-तीनशे मायक्रोॲम्पिअरच्या वर असेल तर मी नको म्हणतो. दुसरं, बोर्डच्या दोन्ही बाजूंचा फोटो, सोल्डरचे जोड दिसतील असा. आणि तिसरं, पेडल चालू असताना दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर प्रोब टेकलेला आणि मीटरचा आकडा वाचता येईल असा एक फोटो. जो रोज बायस लावतो त्याला यासाठी एक मिनिट पुरतं. काही मेकरनी मला न कुरकुरता पाठवला, एकाने तर खोलीचं तापमानही लिहून दिलं. टाळाटाळ झाली की मी तिथेच थांबतो.

तोच विक्रेता दुसऱ्या नावाने पुन्हा विकतोय, असं फोटोंवरून दिसतं. ओळखायची खूण अशी: दोन्ही धातूच्या डब्या सॉकेटशिवाय उभ्या, डावीकडची किंचित कललेली, आणि पॉटच्या वायरी टॅग बोर्डला न शिवता कडेने काळ्या थरात गेलेल्या. असा फोटो दिसला तर कलेक्टरवरच्या व्होल्टेजचा फोटो मागा आणि तो येईपर्यंत पैसे पाठवू नका.