टेपरमध्ये के टू एस (कात्रज ते सिंहगड) करावा, नुसता सिंहगड, की वेताळ टेकडीवरच गप्प पळावं?

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, त्यामुळे तीन आठवडे आधीचा रविवार कायम डिसेंबरचा शेवटचा येतो. सुट्ट्या, पुण्यातली मस्त गार हवा, मोठा लाँग रन नुकताच उरकलेला, टेपर (रेसआधी सराव कमी करत न्यायचे आठवडे) चालू म्हणून पाय नुसते शिवशिवतायत, आणि मग ग्रुपवर कोणीतरी रात्री साडेनऊला टाकतं, "रविवारी के टू एस, कोण कोण?" पाच मिनिटांत अकरा अंगठे. टेपर गेला खड्ड्यात.

मी यातलं सगळं वेगवेगळ्या वर्षी करून बसलेय, एकदा चांगलीच आपटलेय पण, म्हणून जे मुंबईची फुल (पूर्ण 42 किलोमीटरची मॅरेथॉन) मनावर घेऊन करतायत त्यांच्यासाठी लिहितेय. नुसतं मजेत सहा तासांत पळायची असेल तर जा बिनधास्त कुठेही.

आधी के टू एस. जुन्या कात्रज बोगद्यापाशी वाघजाईच्या देवळाकडून चढायचं, 13 टेकड्या (मी मोजल्या की दरवेळी वेगळाच आकडा येतो) आणि शेवटी सिंहगडाच्या घाटरस्त्याला लागायचं. अंतर 15-16 किलोमीटर. इथेच लोक फसतात, कारण स्ट्राव्हा ॲपवर 16 बघून वाटतं अरे टेपरमध्ये 16 तर लिहिलेच आहेत की प्लॅनमध्ये! पण प्लॅनमधले 16 म्हणजे पावणेदोन तास सपाट रस्ता, आणि हे 16 म्हणजे बऱ्यापैकी पळणाऱ्यालाही तीन-साडेतीन तास, सगळी वाट चढ नाहीतर उतार. डोंगरात किलोमीटर मोजू नका, तास मोजा.

आणि खरी भानगड चढाची नाहीये, उताराची आहे. डिसेंबरअखेर गवत वाळून पिवळं झालेलं असतं, त्यावरून बूट सटकतो, गवत संपलं की सुका मुरूम आणि घसारा, मग आपण काय करतो तर प्रत्येक पावलाला मांड्यांनी ब्रेक लावत उतरतो. ब्रेक लावताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो आणि त्यात तो आतून बारीक बारीक फाटतो. दुखणं एक ते तीन दिवसांत कळस गाठून उतरतं म्हणून आपल्याला वाटतं झालं बरं, पण दुखणं गेलं म्हणजे ताकद परत आली असं नसतं, त्याला आठवडा किंवा त्याहून जास्त लागू शकतो. घोट्याचं तर वेगळंच. तिथे एक पाऊल वाकडं पडलं की तीन आठवडे असेच संपतात.

मी केलं होतं रेसच्या बरोब्बर 14 दिवस आधी. रविवारी झकास वाटलं, फोटो टाकले, मंगळवारी एका डोहाळजेवणाला मांडी घालून बसले आणि उठताना शेजारच्या मावशींच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "अगं तुझ्या वयात गुडघे?" रेसला 30 पर्यंत सगळं ठीक होतं. रेसच्या शेवटाकडे येणारा पेडर रोडचा चढ तर मी पळत चढले, आजूबाजूचे चालत होते, आणि वर पोचून उतार लागला तसे मांड्यांनी हात वर केले. शेवटच्या पाच किलोमीटरला 42 मिनिटं. सगळं खापर के टू एसवर नाही फोडणार, सुरुवातही मी वेड्यासारखी जोरात केली होती, आणि पुण्याच्या थंडीतून उठून मुंबईच्या दमट हवेत पळायचं हे पण होतंच. पण मांड्या तशा त्याआधी कधी गेल्या नव्हत्या आणि नंतरही नाही.

हेच के टू एस आमच्या ग्रुपमधले साठीतले एक काका दरवर्षी टेपरमध्ये करतात आणि त्यांना काही होत नाही, हे उदाहरण प्रत्येक वादात येतंच येतं. पण काका जूनपासून दर गुरुवारी सिंहगड चढ-उतार करतात हो. स्नायूला उताराचा मार एकदा बसला की पुढच्या वेळी तोच मार बराच कमी लागतो आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. त्यामुळे तुम्ही डिसेंबरमधली एसआरटी अल्ट्रा (सिंहगड-राजगड-तोरणा ही डोंगरातली रेस) पळला असाल किंवा सीझनभर डोंगरात असाल, तर तीन आठवडे आधी आरामात के टू एस करायला माझी ना नाही. पूर्ण सीझन रेसकोर्स नाहीतर युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर काढला असेल तर मात्र डोंगर सुरू करायची वेळ टेपर नाही. आणि दोन आठवडे उरले असतील तर काकांनीही करू नये असं माझं मत, ते ऐकणार नाहीत ती गोष्ट वेगळी.

आता सिंहगड. आतकरवाडीहून पायवाटेने पुणे दरवाजापर्यंत पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आणि त्यात साधारण 600 मीटर चढ. छाती फुटते पण आपटणं जवळजवळ शून्य, कारण चढताना पाऊल अलगद पडतं. टेपरमध्ये नेमकं हेच हवं असतं ना, मायलेज कमी पण जोर शाबूत. 2007 मध्ये बऱ्याच संशोधनांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात दोन आठवड्यांचा टेपर, एकूण सराव 41 ते 60 टक्क्यांनी कमी आणि तीव्रता मात्र आहे तेवढीच, हे गणित सगळ्यात चांगलं ठरलं होतं. 50 मिनिटं सिंहगड चढणं त्यात चपखल बसतं. फक्त पळत उतरायचं नाही! वरून शेअर जीप मिळते, तिने खाली यायचं. लोक हसतात. हसू देत.

याच्या अडचणी पण सांगते. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि घामाने भिजलेल्या अंगावर वरचं गार वारं लागलं की सर्दी ठरलेली, म्हणून एक कोरडा टीशर्ट कमरेच्या पाऊचमध्ये कोंबून न्या. पहाटे साडेपाचला खाली हजर राहा, उशीर केलात तर वर्षअखेरची गर्दी आणि घाटातली गाड्यांची रांग यात रविवार जातो. टाचेच्या वरची शीर दुखत असेल तर हा चढही नको, तिच्यावर सगळा ताण येतो. आणि पिठलं-भाकरी खा, मडक्यातलं दही खा, तीन आठवडे आधी काही फरक पडत नाही. कार्ब लोडिंगची (रेसआधी भात-पोळी-गोड जास्त खाऊन ताकद साठवायची) काळजी नसावी, रेसच्या आधी संक्रांत येते, गुळाच्या पोळ्या त्यासाठीच आहेत.

वेताळ टेकडीबद्दल कोणी स्टेटस टाकत नाही, पण सगळ्यात सोयीची तीच. एआरएआयकडून किंवा पंचवटीतून चढा, 8-10 किलोमीटर वर-खाली मातीत पळा, मोर दिसले तर दिसले, साडेआठला घरी पोह्यांना हजर. उतार आहेत पण बुटके, मांड्यांना तक्रार करायला वाव नाही. खाणीच्या बाजूला सुटे दगड आहेत तिथे चाललात तरी चालेल. दोन आठवडे आधीपर्यंत मी टेकडी धरते, त्यानंतर ती पण बंद, कारण रेस डांबर आणि काँक्रीटवर आहे आणि ज्या बुटात 42 पळायचेत ते बूट घालून रेसच्या पेसने 6-8 किलोमीटर रस्त्यावर पळून बघणं त्या आठवड्यात जास्त कामाचं. शिवाय एका वर्कआउटचा फायदा अंगात दिसायला दहाएक दिवस लागतात, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तुम्ही कुठलाही डोंगर उपसलात तरी मुंबईत त्याचं काही मिळणार नाही, थकवा तेवढा मिळेल.

तर माझं या वर्षीचं ठरलंय. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सिंहगड, चढून वर आणि जीपने खाली. के टू एसवाले साडेतीन तासांनी घाटरस्त्याला उतरतील तेव्हा त्यांच्यासाठी लिंबू सरबत मी आणून ठेवते, पैसे जीपेवर घेईन.