सोनेरी ड्रिलं, ३२,८५० रुपये आणि 'हें आमचें काम न्हय'

कुंडई, मडकई, बेतोडा, वेर्णा, जिथे जिथे एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं काम चालतं तिथल्या वर्कशॉपवाल्यांनी हे वाचा. सोनेरी रंगाची 'एम ३५ कोबाल्ट' (म्हणजे कोबाल्ट मिसळलेल्या पोलादाची, असं तो म्हणतो) ड्रिलं अर्ध्या भावात घेऊन एक माणूस गोव्यात फिरतोय. गाडी स्वच्छ, बोलणं गोड, तोंडात सारखं 'शेट, शेट'. मुंबईच्या नागदेवी बाजारातलं दुकान बंद होतंय, मालकाच्या पोरांना धंदा नको, स्टॉक काढायचाय, ही त्याची गोष्ट. पुढचं मी सांगायला नको. शेवटचेच बॉक्स, शेजारच्या शेडवाल्यानेही घेतले, उद्या मी कोल्हापूरला. असल्या गोष्टींना हसणाऱ्यांपैकी मी. रस्त्यावर परफ्यूम विकणाऱ्याकडून मी आजवर रुमालसुद्धा घेतलेला नाही.

फोंड्याजवळ माझी छोटी फॅब्रिकेशनची शेड आहे. त्या वेळी हातात एका हॉटेलच्या जेटीचं रेलिंग होतं, सीझनच्या आधी उभं करून द्यायचं. माल ३१६ नंबरचं स्टेनलेस, फ्लँज (बोल्टने आवळायच्या भोकांच्या चकत्या) १० मिलिमीटर जाडीचे. नदीच्या तोंडाशी साधं ३०४ स्टेनलेस लावलं तर डाग धरतं, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते टिकतं, पण भोक पाडताना जीव काढतं. साधं एचएसएस (हाय स्पीड स्टील, ड्रिलांचं नेहमीचं पोलाद) त्यात दोन-चार भोकांत बोथट होऊन बसतं. त्यामुळे चांगली कोबाल्ट ड्रिलं मला हवीच होती. नेहमीच्या दुकानात १० मिमीचं एक मला साडेचारशेला पडतं. हा २१५ ला देत होता. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी तोंडावर, कामाच्या पोरांना आगाऊ रक्कम द्यायची, हॉटेलवाल्याचा पहिला हप्ता थकलेला. अशा वेळी २१५ हा आकडा कानाला कसा लागतो ते शेड चालवणाऱ्यालाच कळेल.

हिशेब असा: १० मिमीची ६० नग, २१५ ने १२,९००. ८.५ मिमीची ५०, १६५ ने ८,२५०. ६.८ ची ४०, १२० ने ४,८००. टेपर शँक (मागचा दांडा निमुळता असलेली) २० मिमीची ६, ११५० ने ६,९००. एकूण ३२,८५०. जीएसटी बिल पाहिजे तर १८ टक्के वर, म्हणून मी 'एस्टिमेट', म्हणजे बिलाऐवजी नुसता हिशेबाचा कागद घेतला. यावरून मला शहाणपण शिकवणाऱ्यांनी आपापल्या ड्रॉवरमधली एस्टिमेटं आधी मोजावीत.

आता ती घटका, जी आठवली की अजून कानशिलं तापतात. आमच्याकडे एक जुना फिटर आहे, सगळे त्याला मामा म्हणतात. मामाने सांगितलं, एक ड्रिल ग्राइंडरला लावून बघूया. त्या माणसाने लगेच हो म्हटलं, अजिबात चाचरला नाही. पण ड्रिल काढलं ते स्वतःच्या बॅगेतून! ग्राइंडरला लावलं, ठिणग्या मंद, लालसर, विरळ. अस्सल एचएसएस. मग तेच ड्रिल मशीनला लावून ३१६ च्या तुकड्यात सरळ आरपार भोक पाडून दाखवलं, कीस लांब आणि चकचकीत. मामा म्हणाला, "बॉक्समधलं एक काढ." तो हसून म्हणाला, "मामा, सील फुटलं की कंपनी माल परत घेत नाही." आणि मी, मी, मामाला हाताने गप्प केलं. पाहुण्यासमोर संशय घेणं बरं दिसत नाही म्हणून!

दुसरी खूण बॉक्सवरच छापलेली होती: 'एम ३५, कोबाल्ट कोटिंग'. अरे, कोबाल्ट हे कोटिंग नसतंच. ते पोलादातच वितळवलेलं असतं. एम ३५ मध्ये सुमारे ५ टक्के, एम ४२ मध्ये सुमारे ८. सोनेरी रंग असतो तो टायटॅनियम नायट्राइडचा, जाडी दोन-चार मायक्रॉन, आणि तो कुठल्याही पोलादावर चढवता येतो. खरं कोबाल्ट ड्रिल बऱ्याचदा रंगाने फिक्कट पितळी किंवा साधंच असतं. हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. बॉक्स हातात घेतला, अक्षरं वाचली, आणि मनात म्हटलं, छापणारा अडाणी असेल.

दुसऱ्या दिवशी पहिलं सोनेरी ड्रिल लावलं. तीनेक मिलिमीटर गेलं आणि किंचाळायला लागलं. मी पोराला झापलं, आरपीएम जास्त आहेत म्हणून. १० मिमीला ३१६ मध्ये साडेतीनशेच्या आसपास ठेवायला हवेत, मी तीनशेवर आणले, कटिंग ऑइल सोडलं, स्वतः दाब दिला. टोक निळं झालं, धार गोल झाली, सोनं गायब. भोकाचा तळ बघितला तर आरशासारखा. स्टेनलेसला नुसतं घासत राहिलं की ते तिथेच कडक होतं, मग त्या भोकात अस्सल ड्रिलही उतरत नाही. एका फ्लँजमध्ये तुकडा मोडून अडकला, मग दुसऱ्यातही.

मामाने एक शब्द न बोलता बॉक्समधलं कोरं ड्रिल घेऊन ग्राइंडरला लावलं. पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा नुसता फुलोरा, प्रत्येक ठिणगी टोकाला फुटणारी. मग थिनरचा बोळा दुसऱ्या ड्रिलच्या नळीवर, म्हणजे पिळाच्या खाचा असतात त्या भागावर फिरवला. बोळा सोनेरी झाला. नायट्राइड थिनरने निघत नाही, हा सरळ लॅकर, म्हणजे रंगीत वार्निश होता.

फोन लावला तर म्हणतो, "तुम्ही मागे शँकला, दांड्याला घासलं असेल, शँक साध्या पोलादाचाच असतो." बघा, चोर अडाणी नाही! मोठ्या आणि टेपर शँक ड्रिलांना मागचा भाग खरोखरच साध्या पोलादाचा जोडलेला असतो. म्हणून ठिणगी बघायची ती नळीच्या भागात, शेपटाला कधीच नाही. नंतर म्हणाला, पोरांना ड्रिल मारता येत नाही. मग फोन बंद.

कानशी मारून बघतो म्हणणाऱ्यांनाही सांगतो, कानस काही सांगत नाही. साधं कार्बन पोलादही थंड असताना एचएसएसइतकं कडक करता येतं. फरक तापल्यावर कळतो. एचएसएस साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत धार धरतं, साधं कार्बन पोलाद दोन-अडीचशेच्या पुढे मऊ पडायला लागतं. म्हणून लाकडात, ॲल्युमिनियमच्या पट्टीत ही ड्रिलं मस्त चालतात, आणि इतरांकडे तो त्यांतच डेमो दाखवतो असं दुसऱ्या एकाने सांगितलं. सॉलिड कार्बाइडच्या (पोलादाहून कडक, महागड्या ड्रिलांच्या) नावाने कोणी पोलाद दिलं तर हातात घेऊनच कळेल, कार्बाइड त्याच मापाच्या पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड असतं. चुंबकावर जाऊ नका, कार्बाइडमधल्या कोबाल्टमुळे तेही चिकटतं.

आता सरकारी पाहुणचार. पोलीस ठाण्यात बसवून ठेवलं, मग हवालदार म्हणाला, "पात्रांव, तुमी पयशे दिले, ताणें माल दिलो. मागीर फटवणूक खंय?" म्हणजे, शेट, पैसे दिलेत, माल मिळाला, मग फसवणूक कुठे? मी त्याच्या टेबलावर खरं आणि खोटं ड्रिल शेजारी शेजारी ठेवलं. त्याने दोन्ही उचलून म्हटलं, दोन्ही सारखीच दिसतात. अरे, सारखी दिसतात हाच तर गुन्हा! 'सिव्हिल मॅटर' हा शब्द मी त्या दुपारी इतक्यांदा ऐकला की साहेबांच्या भिंतीवर तोच लिहिलाय की काय असं वाटलं. पैसे यूपीआयने गेलेत म्हणून सायबर पोलिसांकडे धाडलं. तिथे उत्तर, माल प्रत्यक्ष मिळालाय, हें आमचें काम न्हय. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, त्यापुढे काही नाही. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकला. बरोबर, पिन मीच टाकला, बंदूक लावून कोण टाकायला लावतं हल्ली?

पुरावा आणा म्हणाले म्हणून बेळगावला फाउंड्रीवाल्यांच्या लॅबमध्ये स्पेक्ट्रो (धातूत काय काय मिसळलंय त्याची तपासणी) करून घेतला, १,८०० रुपये. टंगस्टन, मॉलिब्डेनम, कोबाल्ट, तिन्ही नावापुरतेही नाहीत. तो कागद घेऊन गेलो तर सांगितलं, हा खासगी रिपोर्ट आहे. मग सरकारी कुठे मिळतो ते सांगा! ते कोणालाच ठाऊक नाही.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर 'व्यावसायिक वापर' म्हणून वाटेला लावलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल व्यावसायिक वापरात धरत नाहीत. मी वाचून दाखवलं. पलीकडची बाई म्हणाली, "सर, ते कमिशनसमोर, ग्राहक आयोगासमोर मांडा." कमिशनला समोरच्याचा पत्ता लागतो. एस्टिमेटवरच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, ती 'असा इसम नाही' म्हणून परत आली.

ठाण्यात जाल तेव्हा तोंडी बोलू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं, म्हणजे जुनं ४२०. हद्द आमची नाही म्हणून तक्रार नाकारता येत नाही, आणि नाकारलीच तर अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवता येतो. मला हे एका वकील मित्राने सांगितलं, ठाण्यात कोणी सांगितलं नाही. अधीक्षकांकडे अर्ज गेलाय.

ड्रिलांचे ३२,८५०, अडकलेले तुकडे स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणगीने धातू झिजवून) काढायला ४,२००, उशीर झाला म्हणून हॉटेलवाल्याने कापलेले १५,०००, लॅबचे १,८००. एकूण ५३,८५०. पोरांचे वाया गेलेले दिवस मी यात धरलेले नाहीत.

सील तुम्ही फोडा, बॉक्समधलं कुठलंही एक तुमच्या हाताने उचला, तुमच्या ग्राइंडरला लावा, मग पैसे. तो नको म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा. खात्यावर दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर पिन टाकू नका. जीएसटी क्रमांक पोर्टलवर बघायला मिनिट लागतं. आणि एमएसला, म्हणजे साध्या लोखंडाला, भोकं पाडायला साधं एम २ (कोबाल्ट नसलेलं एचएसएस) पुरतं, उगाच रंगाच्या मागे लागू नका.

फोंडा-डिचोली भागात अजून कोणी ही ड्रिलं घेतली असतील तर बॉक्स आणि एस्टिमेट फेकू नका, निदान दोन ड्रिलं न वापरता ठेवा. एकट्याचं प्रकरण सिव्हिल होतं, पाच-सहा जण एकत्र गेलो तर हवालदाराला निदान कागद तरी हातात घ्यावा लागेल.