करता की करताय? मर्फी यांच्या निळ्या पुस्तकासोबत आठ महिने

नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळते. शिक्षण मराठी माध्यमातलं. शाळेत इंग्रजी काळांची कोष्टकं धडाधड म्हणून दाखवायचे, पण चेन्नईहून पुरवठादाराचा फोन आला की वाक्य घशातच अडायचं. म्हणून रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' घेतलं. केंब्रिजची 2019 ची पाचवी आवृत्ती, एकूण 145 युनिट. पुस्तक अजून पुरं झालेलं नाही, पण वर्तमानकाळाची युनिटं दोनदा पिंजून झाली, त्यावर मनापासून लिहावंसं वाटतंय.

डाव्या पानावर समजावणी, उजव्या पानावर सराव, उत्तरं शेवटी. रात्री भांडी आवरल्यावर एक युनिट आरामात होतं. पहिल्यात चालू वर्तमानकाळ, दुसऱ्यात साधा आणि तिसऱ्या-चौथ्यात दोन्ही शेजारी शेजारी. या शेजारी ठेवण्याला माझ्या लेखी फार मोल आहे. शाळेत एक कोष्टक संपलं की दुसरं; दोनांतून एक निवडायची वेळ क्वचितच यायची. बोलताना तर दर वाक्याला निवडावं लागतं.

तिसऱ्या युनिटाला लक्षात आलं की हा फरक आपल्याला आधीच येतो. 'तुम्ही काय करता?' विचारलं की आपण नोकरी सांगतो. 'काय करताय?' विचारलं की हातातलं काम सांगतो. सगळा फरक एका 'य' मध्ये! पहिलं 'व्हॉट डू यू डू', दुसरं 'व्हॉट आर यू डूइंग'. तेव्हापासून मी आधी मराठी वाक्य मनात म्हणते आणि 'य' ऐकू येतो का ते बघते.

चौथ्या युनिटाने मात्र तीन आठवडे घेतले, कारण तिथे हाच 'य' फसवतो. आपण सहज म्हणतो, 'मला आठवतंय', 'कळतंय का?', 'मला असं वाटतंय'. इंग्रजीत रिमेंबर, अंडरस्टँड आणि मत या अर्थाचं थिंक, ही क्रियापदं एरवी साधीच राहतात. 'आर यू अंडरस्टँडिंग?' मी वर्षानुवर्षं विचारत आले होते. वहीच्या शेवटच्या पानावर अशा क्रियापदांची यादी केली आणि प्रत्येकासमोर आपलं '-तंय' वालं रूप लिहिलं. पुस्तकातल्या यादीपेक्षा ही घरची यादी जास्त डोक्यात बसली.

'ही', 'शी' नंतर क्रियापदाला लागणारा 'एस' ('शी गोज') विसरण्याचं मूळही मराठीतच सापडलं. 'मी जाते' आणि 'ती जाते', रूप तेच. त्यामुळे 'शी गो' म्हणताना कानाला काही खटकतच नाही. यावर समजून घेण्यासारखं फारसं नाही, नुसतं घोकणं आहे. मी रोज घरातल्या एकाच्या दिवसाबद्दल पाच वाक्यं इंग्रजीत मोठ्याने म्हणायचे: सासूबाई उठतात, चहा टाकतात, पेपर वाचतात. दोन महिन्यांनी 'एस' आपोआप यायला लागला.

सगळ्यात जास्त उपयोग झाला अकराव्या-बाराव्या युनिटांचा. 'मी आठ वर्षांपासून इथे काम करतेय' याचं मी 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स एट इयर्स' करायचे. आपल्याकडे चालू वर्तमानकाळ पुरतो, इंग्रजीला 'हॅव बीन वर्किंग' लागतं. शिवाय 'पासून' म्हटलं की हात 'सिन्स' कडे जातो, पण किती काळ हे मोजून सांगायचं तर 'फॉर'. आता 'फॉर एट इयर्स' न अडखळता येतं.

पुस्तक संपूर्ण इंग्रजीत आहे आणि मध्यम पातळीच्या माणसासाठी लिहिलेलं आहे. अगदी पहिल्यापासून सुरुवात असेल तर त्यांचंच लाल 'इसेन्शियल ग्रामर इन यूज' आधी घ्या. आणि उत्तरं पुस्तकात लिहू नका. मी पहिल्या वेळी वहीत लिहिली, म्हणून दुसऱ्या फेरीला पान कोरं मिळालं.

सध्या एकोणिसाव्या युनिटावर आहे: वर्तमानकाळ वापरून भविष्य सांगणं. इथे 'य' पुन्हा इमानदार झाला. 'मी उद्या पुण्याला जातेय', 'आय ॲम गोइंग'. 'गाडी सव्वासातला सुटते', 'द ट्रेन लीव्ज'. काल या युनिटाचा सराव तपासला, लाल पेन उघडावंच लागलं नाही.