एनपीटीईएलचे अकरा महिने: वाळूजच्या क्वालिटी विभागातून

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला. वाळूज एमआयडीसीत ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत सहा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. एनपीटीईएल हा आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीचा 2003 पासूनचा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम. कोर्स सरकारच्या स्वयम पोर्टलवर फुकट, पैसे फक्त परीक्षेचे. मी 1,000 रुपये भरले.

जानेवारीत मात्र माझं चुकलं. पायथन, डेटा सायन्स, मॅनेजमेंट, ज्याला मागणी आहे म्हणतात ते सगळं एकदम घेतलं. परीक्षेचा फॉर्म एकाचाही भरला नाही. तिसऱ्या आठवड्यात नाईट शिफ्ट आली आणि तिन्ही सुटले.

जुलैत कोर्स निवडला तो ऑडिटमध्ये अडलो म्हणून. ग्राहकाच्या साहेबांनी विचारलं, "या बोअरचा सीपीके कमी का?" बोअर म्हणजे पार्टमधलं भोक, आणि सीपीके म्हणजे त्याचं माप दिलेल्या हद्दीत किती नीट बसतं ते सांगणारा आकडा. तो आकडा मी रोज शीटमध्ये भरत होतो, पण त्याचा अर्थ मला सांगता आला नाही. त्या रात्री बजाजनगरच्या खोलीवर झोप लागली नाही. मग आयआयटी खरगपूरचा सिक्स सिग्मा (उत्पादनातला फरक आणि चुका कमी करायची पद्धत) हा कोर्स घेतला, 12 आठवड्यांचा, आणि या वेळी फॉर्म आधी भरला.

सातव्या की आठव्या आठवड्यात आमचाच बोअर वहीत मांडला. माप 25 मिमी, वर 30 मायक्रॉनपर्यंत सूट (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). सरासरी येत होती 25 मिमीच्या वर 24 मायक्रॉनवर, सिग्मा, म्हणजे मापं किती विखुरतात तो आकडा, साडेतीन. सीपी फक्त विखुरणं बघतो, सरासरी कुठं आहे ते नाही: 30 भागिले सहा सिग्मा, 1.43 आला. सीपीकेला सरासरीपासून जवळच्या हद्दीपर्यंतचं अंतर धरतात: 30 वजा 24 म्हणजे 6, ते भागिले तीन सिग्मा, फक्त 0.57. म्हणजे मशीन चांगली होती, सेटिंग वरच्या अंगाला सरकलेलं होतं. आम्ही मात्र दोन महिने मशीनलाच दोष देत होतो! सेटर दादांना वही दाखवली, त्यांनी ऑफसेट (मशीनमधली हत्याराच्या जागेची सेटिंग) 9 मायक्रॉननं खाली घेतला. पुढच्या पन्नास पिसांत सरासरी मधोमध आली. ग्राहक 1.33 मागतो, आम्ही त्याच्या वर गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा वाटलं की मी नुसता गेज (माप घ्यायचं साधन) लावणारा माणूस नाही.

आता वापराबद्दल. दर आठवड्याला असाइनमेंट असते, 12 पैकी चांगल्या 8 धरतात. शिफ्टवाल्यांसाठी ही सवलत फार मोलाची आहे. नाईटच्या दोन आठवड्यांत माझ्या असाइनमेंट राहिल्या, तरी निभावलं. असाइनमेंटला 25 गुण, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. व्याख्यानं इंग्रजीत आहेत. मी पहिल्यांदा नुसतं ऐकायचो, दुसऱ्यांदा थांबवून मराठीत वहीत उतरवायचो. अर्ध्या तासाच्या व्हिडिओला दीड तास लागायचा. घाई करणाऱ्याला हे जमणार नाही.

जुलैचं सत्र घेणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी एक ध्यानात ठेवावं: शेवटचे आठवडे आणि सोयाबीनची काढणी एकाच वेळी येतात. अण्णांना मी जुलैतच सांगून ठेवलं होतं, तरी अंबडला दोन रविवार जावंच लागलं. परीक्षेत 64 मिळाले.

पगारात अजून एक रुपयाचाही फरक नाही. प्रमाणपत्र एचआरला दिलं, फाइलला लागलं. पण ग्राहकाच्या तक्रारीच्या मीटिंगला आता मला बोलावतात आणि कारण मांडायचं काम माझ्याकडे असतं. मला पुढं सप्लायर क्वालिटीत जायचंय, आणि मुलाखतीत सांगायला माझ्याकडे त्या बोअरची वही आहे.

येत्या जानेवारीला एकच कोर्स घेणार. दोन इन्स्पेक्टर एकच पीस मोजतात आणि वेगवेगळं माप सांगतात, हे आमच्याकडे रोज घडतं. त्यात चूक माणसाची किती, गेजची किती, हे मला अजून नीट मांडता येत नाही. तो विषय ज्या कोर्समध्ये सविस्तर असेल तोच घेईन. फॉर्मचे पैसे वेगळे काढून ठेवलेत.