वेणीसाठी कोणती अबोली? गच्चीवरचा वर्षभराचा अनुभव

रोपवाटिकेत अबोली मागितली की पहिला प्रश्न येतो, "कोणता रंग? केशरी, पिवळी, लाल?" माझ्या मते अबोलीची निवड रंगावरून करूच नये. या फुलाला वास नाही. आपल्याकडे, विशेषतः सिंधुदुर्गात आणि गोव्यात, ती लावतात केसांत माळायला आणि देवीला वेणी चढवायला. म्हणून तिची पारखही वेणीवरच व्हायला हवी. फुलाची नळी किती लांब आहे, गाठ मारताना ती मोडते का, खुडलेलं फूल किती वेळ तजेलदार राहतं आणि झाड फुलायचं किती काळ थांबत नाही, एवढंच मी बघते. गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पुण्यात आमच्या गच्चीवर मी वेगवेगळ्या जातींच्या अबोली कुंड्यांत लावल्या. आता दुसरा पावसाळा सुरू झाला आहे, उन्हाळा आणि थंडी दोन्ही बघून झाली, तेव्हा ठामपणे लिहायला हरकत नाही.

आधी गावठी केशरी. कोकणात परसात, न्हाणीच्या पाण्यावर, माडाच्या सावलीत वाढते ती हीच. रंग फिकट केशरी, किंचित गुलाबीकडे झुकणारा. राज्यात महिला चालकांच्या रिक्षांना दिलेला अबोली रंग आठवला की नेमकी छटा लक्षात येईल. पाकळ्या सगळ्या एकाच बाजूला पंख्यासारख्या उघडतात आणि मागे लांब, बारीक नळी असते. वेणी बांधताना गाठ या नळीवर बसते. गावठीची नळी लवचीक आहे, केळीच्या सोपटाच्या धाग्यात आवळली तरी तुटत नाही. फूल मात्र लहान, त्यामुळे वेणी भरायला फुलं जास्त लागतात.

गावठीची खरी मजा तिच्या बोंडांत आहे. फुलं संपली की कणीस वाळतं आणि हिरव्या पानोळ्यांच्या आत छोटी, टणक बोंडं तयार होतात. ती सुकली की पाण्याची वाट बघतात. संध्याकाळी झारीने पाणी घातलं की थोड्या वेळाने गच्चीवर टक् टक् आवाज यायला लागतो. बोंड उभं चिरून दोन फाका होतात आणि आतले आकडे बिया लांब उडवतात. एका बोंडात जास्तीत जास्त चार बिया. चपटी, तपकिरी बी ओल्या बोटावर घेऊन बघा, तिच्या अंगावरचे खवले भिजून बुळबुळीत होतात आणि ती चिकटून बसते. माती ओली असतानाच बी पडावं आणि पडेल तिथेच रुजावं, अशी ही सोय आहे. इंग्रजीत हिला फटाक्याचं फूल म्हणतात ते या आवाजामुळे. पावसाळ्यात शेजारच्या कढीपत्त्याच्या, तुळशीच्या कुंड्यांतही अबोलीची रोपं उगवली. ज्यांना एकदा लावून विसरायचं आहे त्यांनी डोळे मिटून गावठी घ्यावी.

दिल्ली अबोली ही दुसरी. नाव दिल्लीचं असलं तरी तिची मोठी लागवड दक्षिणेत होते, तिथल्या फूलबाजारात तिला मान आहे. हिच्या पेशींत गुणसूत्रांचे नेहमीच्या दोनाऐवजी तीन संच असतात, म्हणून ती बी धरत नाही आणि फांदीपासूनच वाढवावी लागते. बी धरण्यात ताकद जात नसल्याने असेल, पण माझ्याकडे सगळ्यांत जास्त काळ हीच फुलली. फूल मोठं, रंग गडद केशरी, पाकळीला थोडा जाडपणा. सकाळी खुडून ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीही वेणी करता येते. गावठीची फुलं तोवर कडेने मऊ पडलेली असतात. वेणीच्या हिशेबाने मी दिल्लीलाच पहिला नंबर देते.

पण ती विकत घेताना सांभाळा. एका रोपवाटिकेतून मला दिल्ली म्हणून दिलेली काही रोपं बियांपासून केलेली साधी केशरी निघाली. फूल आल्यावरही पटकन कळलं नाही, कारण नवीन झाडाचं पहिलं फूल कुठल्याही जातीचं जरा मोठंच येतं. कणसांत बोंडं धरली तेव्हा उलगडा झाला. रोपं परत घ्यायला ते तयार नव्हते. तेव्हापासून मी फुलाकडे बघतच नाही, झाडावरचं जुनं, वाळकं कणीस मागते. ते चुरगाळून बघायचं: आत टणक बोंड लागलं तर ती दिल्ली नव्हे. तिथे सगळी कणसं आधीच छाटून ठेवलेली असतील तर रोप घेऊ नये.

पिवळी दिसायला फार सुंदर आहे. हळदीसारखा उजळ रंग, आणि तुळशीवृंदावनाजवळ ठेवली की लांबून उठून दिसते. पण माझ्या गच्चीवर ती सगळ्यांत हळवी ठरली. ऊन जरा कडक झालं की पाकळीच्या कडा करपतात आणि वेणीत दुपारपर्यंत फुलं मलूल होतात. केशरीच्या मध्ये चार-चार फुलं घालायला म्हणून ठीक. सबंध वेणी पिवळ्या अबोलीची करायची असेल तर शेवंती बरी.

लाल म्हणून मी आणलेली अबोली मूळची पूर्व आफ्रिकेतली, वेगळीच प्रजाती. पानं लहान आणि चकचकीत, झाड बुटकं, फूल विटकरी लाल. कुंडीत शोभेला उत्तम, कमी उजेडातही फुलते, त्यामुळे फ्लॅटच्या बाल्कनीत ज्यांना दोन-तीन तासांचंच ऊन मिळतं त्यांनी ही जरूर लावावी. नळी आखूड असल्याने गाठ नीट बसत नाही, म्हणून माझ्या कामाची नाही. आणि हिरवी किंवा निळी अबोली म्हणून जे मोरपंखी फुलांचं झाड विकतात, ते अबोलीचं भावंड असलं तरी अबोली नव्हे. कोरांटी आणि अडुळसा ज्या कुळातले, त्याच कुळातलं ते दुसरं झाड आहे. रंग मात्र असा की जाणारा-येणारा थांबतो.

बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अर्का अंबरा, अर्का कनका अशा सुधारित जाती काढल्या आहेत. त्या मी लावलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलत नाही.

आता जातीपेक्षाही महत्त्वाचं, म्हणजे पुण्याचं पाणी. कोकणातली अबोली काळपट हिरवी असते आणि तीच रोपं देशावर आणली की काही महिन्यांत पिवळी पडतात. लोक म्हणतात हवा मानवत नाही. हवेचा थोडा भाग आहे, पण मुख्य कारण मातीत आहे. कोकणची जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात झाडाला लोह सहज मिळतं. इकडची काळी माती आणि बोअरचं क्षारयुक्त पाणी अल्कधर्मी. मातीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. ओळखायचं कसं? नवीन कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं जाळं दिसलं की लोहाची कमतरता. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, शेणखत घाला. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) आणावं. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅमपेक्षा जास्त नाही, त्यात थोडं लिंबू पिळायचं आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारायचं. मी दर पंधरवड्याने फवारत गेले आणि नवी पालवी हिरवी आली. जुनी पिवळी पानं परत हिरवी होतील अशी आशा ठेवू नका. पावसाचं पाणी साठवता येत असेल तर ते अबोलीसाठी राखून ठेवा.

थंडीत सगळ्याच जातींनी हात आखडता घेतला. पुण्यात पहाटेचा पारा 10 अंशांच्या आसपास आला की पानं तांबूस होतात, कणसं येणं थांबतं. तेव्हा खत घालू नये, पाणीही कमी करावं. मी कुंड्या दक्षिणेच्या भिंतीला लावून ठेवल्या, भिंत रात्रीही उबदार असते. फेब्रुवारीच्या अखेरीस झाडं पुन्हा हलली. एप्रिल-मेमध्ये उलट काळजी, दुपारी बारानंतर हिरवी जाळी हवीच.

एक झाड मात्र गेलं, दिल्लीचंच. भरपूर पाणी असूनही माना टाकायला लागलं. उपटून पाहिलं तर मुळांवर मण्यांसारख्या गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे मातीतले सूक्ष्म जंत. अबोलीचा हा सर्वांत मोठा शत्रू, शेतातल्या लागवडीही यामुळे बसतात, आणि मागोमाग मर रोग येतो. अशा झाडाची माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका, कंपोस्टमध्येही नको. राहिलेल्या कुंड्यांत मी निंबोळी पेंड मिसळली आणि कडेने झेंडू लावला. त्यानंतर दुसरं झाड गेलेलं नाही.

खुडण्याबद्दल. कणसातली फुलं खालून वर टप्प्याटप्प्याने उमलतात, एक कणीस दोन-तीन आठवडे चालतं. त्यामुळे दिवसाआड खुडणी पुरते. पहाटे खुडावं, नळी धरून हलकेच वर ओढलं की फूल अलगद सुटून येतं. वेंगुर्ल्याची माझी काकी फोनवर दर वेळी बजावते, "फुलां काढूक व्हयी गो, नायतर झाड थांबता." ते खरं आहे, विशेषतः गावठीच्या बाबतीत. संपलेलं कणीस देठासकट कापलं की बगलेतून दोन नवीन फुटतात, ठेवलं की झाड बिया पिकवण्यात गुंतून राहतं.

आणि किती झाडं लावावीत? एका कुंडीत वेणी होत नाही, हे आधीच समजून घ्या. एका कुंडीची फुलं देवापुढे ठेवण्यापुरती होतात. बोटभर लांबीचा गजरा हवा असेल तर निदान तीन-चार बहरलेल्या कुंड्या लागतात, आणि अंबाड्याभोवती फिरेल अशा भरगच्च वेणीसाठी आठ-दहा. फुलं कमी असतील त्या दिवशी मी मध्ये मरवा किंवा मोगरा घालते. अबोलीला नसलेला वास त्यातून येतो आणि रंगही खुलतो.

झाड दुसऱ्या वर्षी खालून लाकडासारखं होतं, पानं शेंड्याला जातात आणि फुलं कमी होतात. उंची दीड-दोन फुटांवर गेली की पावसाच्या तोंडावर वीतभर ठेवून छाटावं. छाटलेल्या दिल्लीच्या फांद्या फेकू नका. धड कोवळ्या नाहीत, धड जून नाहीत अशा चार पेरांच्या काड्या निवडून खालची पानं काढायची आणि वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत खोचायच्या. साधारण महिन्याभरात मुळं धरतात. माझ्या या वर्षीच्या काड्यांना नवी पानं आली आहेत. पिवळीच्या कुंड्या मी शेजारच्या वहिनींना देतेय, त्यांना शोभेलाच हव्या आहेत. त्या जागी दिल्ली लावेन, आणि गावठीच्या दोन कुंड्या तशाच राहतील.